सूतभर जागा सोडा : हौशी सुतारांच्या गप्पांच्या पुस्तकाची प्रस्तावना

पाऊस लागून आठ-दहा दिवस झाले की हौशी सुतारांच्या गप्पांचा विषय बदलतो. मार्च-एप्रिलमध्ये कोणता रंधा घ्यावा, वखारीत सागवान काय भावानं मिळालं, असं चाललेलं असतं. जूनच्या अखेरीस जो तो अडकलेल्या वस्तूंची तक्रार घेऊन येतो. कपाटाचं दार घासतंय, पेटीचं झाकण बसेना, ड्रॉवर उघडेना. या पुस्तकात असाच एक संवाद आहे:

"काका, उन्हाळ्यात केलेला ड्रॉवर आता बाहेरच येईना. वरच्या कडेवर थोडा रंधा मारू का?"

"कधी केलास?"

"एप्रिलअखेर."

"मग आत्ता हात लावू नकोस. घासतंय तिथे मेणबत्ती फिरव आणि दसऱ्यापर्यंत थांब. आज रंधा मारलास तर पुढच्या मे महिन्यात नुसता खडखडेल."

काकांनी उपाय सांगण्याआधी महिना विचारला. हे पुस्तक मला मोलाचं वाटतं ते त्या एका प्रश्नासाठी.

लाकूड तोडलं, वाळवलं, रंधलं, पॉलिश केलं, तरी ते हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. त्याबरोबर ते फुगतं आणि आकसतं, पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत फरक जवळजवळ पडतच नाही. रुंदीत पडतो, आणि किती पडेल हे फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावर ठरतं. फळीच्या टोकाकडे पाहिलं तर झाडाच्या वाढीची वर्तुळं दिसतात. ती रुंदीला समांतर पसरलेली असतील तर फळी जास्त फुगणार. रुंदीला काटकोनात उभी असतील तर सुमारे निम्मीच. सागवान हे यात शांत स्वभावाचं लाकूड समजतात आणि ते खरंच तसं आहे. तरीसुद्धा त्यातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर समांतर वर्तुळांची फूटभर रुंद फळी साधारण तीन मिलिमीटर रुंदावते. इंचाचे सूत आठ, म्हणजे ही वाढ एका सुताची झाली. मे महिन्यातलं पुणं आणि जुलैमधलं पुणं यांच्यात ओलाव्याचा एवढा फरक सहज पडतो. विदर्भात उन्हाळा आणखी कोरडा, म्हणून तिथे तफावत मोठी. कोकणात मे महिनाही दमटच, तेव्हा तिथला हिशेब निराळा.

ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्यांत लाकडाच्या रेषा आडव्या धावतात. म्हणून ड्रॉवर अडकतो तो उंचीत, रुंदीत नव्हे, आणि उन्हाळ्यात तो करताना सोडायची जागा वरच्या कडेला सोडायची. नवशिक्याला ड्रॉवर हलायला लागला की वाईट वाटतं, कारण त्याला वाटतं आपलं माप चुकलं. जाणकार माणूस उन्हाळ्यात मुद्दाम सैल ड्रॉवर करतो.

हे शास्त्र आपल्या घरांत पूर्वीपासून आहे. चांगल्या सुतारानं केलेला जुना पाट उलटा करून पाहा. खालच्या दोन आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून तिरप्या कडांच्या खाचेतून सरकवून बसवलेल्या सापडतील. पट्टी फळीला वाकू देत नाही, आणि खाचेत घट्ट चिकटवलेली नसल्यामुळे फळी फुगायची-आकसायची मोकळी राहते. खिळे मारलेल्या पाटाची फळी मधोमध चिरते, ती लाकूड हलकं होतं म्हणून नव्हे. तिला हलायला जागाच ठेवलेली नसते.

आता हे ज्ञान आज हौशी माणसाला मिळतं कुठून? सुतार हा गावगाड्यातल्या बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचं शिक्षण घरातच, बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली होई. करवत धरण्याआधी पोर वर्षानुवर्षं भुसा झाडे, फळ्या उचलून देई, सरस उकळे, आणि हे करता करता कोणतं लाकूड कधी काय करतं हे त्याच्या अंगात मुरे. या घराबाहेरच्या माणसाला तो रस्ता बंद होता आणि आतल्या माणसाला दुसरा रस्ता नव्हता. आज बँकेत नोकरी करणारी बाई, निवृत्त प्राध्यापक, सॉफ्टवेअरमधला मुलगा हौसेनं करवत हातात घेतात, तेव्हा त्यांच्याजवळ साधनं असतात, पैसे असतात, पण ज्याच्या हाताखाली काम शिकावं असा उस्ताद नसतो. ती जागा गप्पा भरून काढतात. म्हणून या गप्पांना मी वेळ घालवणं म्हणत नाही. ही त्यांची शाळा आहे.

इंग्रजी पुस्तकं आणि चित्रफिती भरपूर आहेत, आणि त्यांतून हौशी मंडळी पुष्कळ शिकली आहेत, हे मान्यच. पण त्यांतली बरीचशी अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या कार्यशाळांत तयार झालेली असतात. तिथे ओक, मेपल, अक्रोड ही लाकडं. हिवाळ्यात घर तापवल्यामुळे हवा कोरडी पडते आणि लाकूड त्या दिवसांत आकसतं. आपल्याकडे लाकूड सर्वांत जास्त आकसतं ते उन्हाळ्यात आणि फुगतं पावसाळ्यात. तिकडचा माणूस प्रामाणिकपणे सांगतो की फ्रेंच पॉलिश केव्हाही करा, पटकन वाळतं. आपल्याकडे जुलैतल्या भरल्या हवेत चपडी लाखेचा हात मारला की बघता बघता पृष्ठभाग पांढुरका पडतो. स्पिरिट उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि लाखेच्या थरात अडकतं. आपले पॉलिशवाले पावसात काम घ्यायला कुरकुरतात त्यामागे हे कारण आहे. घाईच असेल तर पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारच्या वेळी, पातळ हात मारावा, असा सल्ला या पुस्तकात दोन वेगवेगळ्या गावच्या माणसांनी दिला आहे, आणि दोघांनीही कारणासकट दिला आहे.

लाकडाच्या खरेदीवरच्या गप्पा मला सर्वांत रसाळ वाटल्या, म्हणून त्यांच्यावर थोडं रेंगाळतो. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट, मुंबईत रे रोडच्या वखारी, आणि जिल्ह्याच्या गावी स्टेशनजवळ किंवा बाजारपेठेच्या टोकाला असणारी एखादी जुनी वखार: हौशी माणूस पहिल्यांदा तिथे जातो तेव्हा बुजतो. दर घनफुटाचा सांगतात आणि याच्या डोक्यात फळीचा असतो. हिशेब सोपा आहे. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत धरून तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 144 ने भागायचं. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे बरोबर अर्धा घनफूट. एवढं तोंडपाठ असलं तरी वखारवाल्याशी बोलण्याचा सूर बदलतो. आणि चिरून घ्यायचं असेल तर प्रत्येक कापात करवतीच्या पात्याएवढं लाकूड भुशात जातं, हे धरूनच जाडी मागायची.

सागवानाविषयी आपल्या लोकांना विशेष माया आहे आणि ती आंधळी नाही. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातलं सागवान आणि बल्लारशाचा डेपो ही नावं सुतारांच्या तोंडी आदरानं येतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज 1817 साली पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. ज्या तेलकट अंशामुळे हे लाकूड टिकतं, त्याच अंशामुळे ते चिकटवताना त्रास देतं. रंधून दोन दिवस ठेवलेल्या सागवानी कडेवर फेव्हिकॉल हवा तसा धरत नाही. ताजा रंधा मारून लगेच चिकटवावं, किंवा कड थिनरनं पुसून, ती सुकताच गोंद लावावा. शिवाय सागवानात वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. पातं खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालेल्या कितीतरी जणांचं समाधान या एका माहितीनं झालं असेल.

पण सगळ्यांना सागवान परवडत नाही, आणि शिकताना ते वापरूही नये. जुन्या वाड्यांची, चाळींची मोडतोड होते तेव्हा निघालेलं लाकूड घ्या, पण रंधा लावण्याआधी त्यावर चुंबक फिरवा. आत मोडलेला एक खिळा पातं कायमचं खाऊन टाकतो. चाकण, भोसरीसारख्या औद्योगिक भागांत मालाबरोबर आलेल्या पाइनच्या पॅलेट भंगारवाल्यांकडे मिळतात. त्यांवर जळका शिक्का असतो. शिक्क्यात इंग्रजी ‘एचटी’ ही अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, खुशाल घ्या. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, शेगडीतही घालू नका. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि देखणं, पण त्याला कीड चटकन लागते. टेबलाखाली रोज सकाळी बारीक पीठ पडलेलं दिसलं तर आत भुंगेरे काम करतायत असं समजावं. शिवण मला स्वतःला फार आवडतं: हलकं, फिकट, हवामानाला फारसं न बधणारं, आणि हातानं कापायला सुखाचं. शिकाऊ हातांना याहून चांगला सोबती क्वचितच मिळेल. सावंतवाडीच्या खेळण्यांत पांगारा, आंबा अशी हलकी लाकडं वापरली जातात, त्यामागेही हीच समज आहे. काम बघून लाकूड निवडलं की महाग लाकडाचा मोह कमी होतो.

धारेवरचं प्रकरण पुस्तकात सर्वांत मोठं आहे, आणि ते तसंच हवं होतं. नवीन पटाशी दुकानातून आणली की ती धारदार असते हा गैरसमज आहे. आधी तिची सपाट पाठ, टोकाकडचा इंचभर भाग, दगडावर सपाट घासून आरशासारखी चमकवायची. मग उतार साधारण पंचवीस अंशांत धरून निसण्यावर घासायचा. पाठीवरून बोट हलकेच बाहेरच्या दिशेनं फिरवलं की कडेला एक बारीक खरखरीत कोर लागते. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागली, म्हणजे त्या दगडाचं काम झालं. त्यानंतर बारीक दगड, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत चार-सहा हात. परीक्षा हाताचे केस कापून घेण्यापेक्षा पाइनच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर घ्यावी. मऊ लाकडाचं टोक न चुरडता गुळगुळीत कापलं गेलं तर धार खरी. ग्राइंडरवर धार लावण्याचा मोह होतो तेव्हा पात्याच्या कडेकडे लक्ष ठेवा. कड निळसर झाली की पोलादाचं पाणी उतरलं. मग कितीही घासा, तो भाग धार धरणार नाही. निळं झालेलं तेवढं घालवूनच टाकावं लागतं. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की दुसऱ्या हातात घुसते. म्हणून धार हा सौंदर्याचा विषय होण्याआधी बोटांच्या सुरक्षेचा विषय आहे.

सुरक्षेवर इथे बोलणं मला आवश्यक वाटतं, कारण गप्पांच्या ओघात लोक धोक्याच्या युक्त्याही तितक्याच प्रेमानं सांगतात. आपल्याकडे सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे फरशी कापायच्या छोट्या कटरला लाकडाचं दातेरी पातं लावून, वर पुन्हा त्याचं संरक्षक आवरण काढून टाकणं. फरशी कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. लाकडासाठी बनवलेली सात इंची गोल करवत पाच हजारांच्या आसपास फिरते. कटरच्या त्या वेगात पात्याचा दात लाकडात अडकला तर यंत्र उसळून थेट माणसाच्या अंगावर येतं. ही युक्ती कितीही अनुभवी माणसानं सांगितली तरी ऐकू नका. संपादकांनी ती पुस्तकातून वगळली याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. दुसरी गोष्ट धुळीची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीची नोंद माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांमध्ये 1995 सालीच केली. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क लावा, आणि पॉलिशपेपर शक्यतो गॅलरीत किंवा अंगणात मारा. तिसरी, जी फार थोड्यांना ठाऊक असते: जवसाच्या तेलानं भिजलेले चिंधीचे बोळे गोळा करून ठेवू नका. तेल हवेतला प्राणवायू घेत वाळतं, उष्णता साठते आणि बोळे आपोआप पेट घेतात. ते दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

या पुस्तकातल्या मंडळींचं सगळ्याच बाबतींत एकमत नाही, आणि ते मला आवडलं. पोळपाट-लाटण्याला कोणतं तेल लावावं यावर सहा-सात पानं वाद आहे. खोबरेल लावणारे आहेत, शेंगदाण्याच्या तेलाला खवट वास येतो म्हणणारे आहेत, औषधाच्या दुकानातल्या लिक्विड पॅराफिनवर भिस्त ठेवणारे आहेत, आणि काहीच लावू नका, कणकेचं तेल पुरेसं आहे असं ठामपणे सांगणाऱ्या एक आजी आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. गोंदाच्या वादातही मी एका पक्षाचा आहे. फेव्हिकॉल 1959 साली आला आणि त्यानं सुतारकाम सोपं केलं, पण सरसाचा एक गुण त्याच्यात नाही: सरसानं जोडलेला सांधा वाफ देऊन सोडवता येतो आणि पुढच्या पिढीला ती खुर्ची दुरुस्त करता येते. वारसा म्हणून ठेवायची वस्तू करत असाल तर सरस शिकून घ्या, असं मी आग्रहानं सांगेन.

हाताच्या कामानं बुद्धी घडते हा विचार नवा नाही. स्वीडनमध्ये ऑट्टो सॉलोमन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षकांना लाकूडकामातून शिकवायला शिकवलं. आपल्याकडे 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योगच होता. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुलांना हातानं वस्तू करायला लावून विज्ञान शिकवलं. बहुतेक शाळांत मात्र कार्यानुभवाचा तास उरकण्याची बाब झाला. आज चाळिशीत करवत धरणारी माणसं शाळेत राहून गेलेलं ते शिक्षण पूर्ण करत आहेत.

त्याबरोबर एक जबाबदारीही येते. शेजारच्या सुताराला बोलावून ‘हे असं का करता’ असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा आनंदानं सांगतो. त्या सांगण्याचा मोबदला द्यावा, त्याच्या वेळेची किंमत करावी, आणि जी युक्ती त्याच्याकडून आली ती त्याच्या नावानं सांगावी. या पुस्तकात मिस्त्रींनी सांगितलेल्या युक्त्या त्यांच्याच म्हणून दिल्या आहेत. हौशी माणूस चुकला तर त्याची एक फळी वाया जाते. मिस्त्री चुकला तर त्याची दिवसाची मजुरी जाते. त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन जास्त द्यायला हवं.

पुस्तक सलग वाचायची गरज नाही. हातात जे काम असेल त्याचं पान उघडा. पहिलंच काम असेल तर शिवण किंवा पाइनचा एक पाट करायला घ्या. त्यात चिरणं, रंधणं, खाच काढणं, पट्टी सरकवणं आणि घासणं हे सगळं येतं, आणि बिघडला तरी बसायच्या उपयोगी पडतो. आणि तुमची स्वतःची युक्ती सांगायची असेल, तर तिच्याबरोबर तीन गोष्टी जरूर लिहा: कोणतं लाकूड, कोणतं गाव, कोणता महिना. पुढच्या आवृत्तीत संपादक अशाच नोंदी घेणार आहेत.